लीलाबाईचे मासे आणि टेंपोची ट्यूब

मासा म्हणजे रश्श्यात घालायची वस्तू, हे शोभाबाईचं मत सुरतेतल्या बमरोलीच्या त्या चाळीत सगळ्यांना पाठ होतं. कारण शेजारच्या लीलाबाईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ते पुष्कळदा सांगितलं होतं. दिवाळीच्या बोनसात लोक मिक्सर आणतात, पंखा आणतात. लीलाबाईच्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, काचेची पेटी आणि सोनेरी मासे आणले. तेव्हा शोभाबाई ओट्यावर उभी राहून म्हणाली होती, "मिठाची बरणी आमच्याकडून न्या म्हणावं."

ती हे लीलाबाईला नाही, भिंतीला म्हणाली होती. दोघींचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं होत आली होती. कारण मोरीचं पाणी. लीलाबाईनं कपडे धुतले की साबणाचं पाणी शोभाबाईच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचं. पुढे मोरी दुरुस्त झाली, पाणी यायचं थांबलं, पण अबोला कुणी दुरुस्त केला नाही. लीलाबाई परभणीकडची, शोभाबाई अमळनेरची. माघार घ्यायची रीत दोन्हीकडे सारखीच, म्हणजे मुळीच नाही.

आणि तरीही त्या जूनमध्ये लीलाबाईच्या घराची किल्ली शोभाबाईच्या कमरेला होती. त्याचं असं झालं, की लग्नसराईला गेलेली निम्मी चाळ अजून खानदेशातच होती. शोभाबाईलाही जायचं होतं, पण तिच्या नवऱ्याला, लोटूला, शेठनं रजा दिली नाही. इकडे लीलाबाईच्या बहिणीच्या बाळाचं बारसं कामरेजला. चाळीत उरलेल्या दारांपैकी कुलूपकिल्लीच्या भरवशाचं दार एकच, आणि ते नेमकं शोभाबाईचं. लीलाबाई आली, किल्ली ओट्यावर ठेवली आणि खांबाकडे बघत म्हणाली, "सकाळी चिमूटभर खाणं. बुडबुड्याचं मशीन चालू राहू द्यायचं. बाकी हात लावायचा नाही."

"हात लावायला कुणाला हौस आहे?" शोभाबाईनं खांबालाच उत्तर दिलं.

वरवर असं म्हणाली खरी, पण लीलाबाई गेल्यावर ती बराच वेळ त्या किल्लीकडे बघत बसली. माणसांच्या जमाखर्चाची मनातल्या मनात नोंद ठेवायची तिला सवय होती. कुणी आपल्याकडून विरजण नेलं, कुणी दुखण्यात विचारपूस केली, कुणी नाही केली, सगळं तिला तोंडपाठ. लीलाबाईच्या नावावर दोन वर्षांत काही जमा झालं नव्हतं, आणि आता एकदम एवढा मोठा विश्वास! बरं, मासे मेले तर? 'शोभाबाईनं मारले' हे वाक्य चाळीत तयारच होतं, फक्त म्हणायला तोंड हवं होतं. आणि ते वाक्य तिनं स्वतःच, मिठाच्या बरणीसकट, तयार करून ठेवलेलं होतं. आता शंभर शपथा घेतल्या तरी कोण ऐकणार?

वादळ आलं ते दुसऱ्या दिवशी, सकाळची भांडी होता होता. रेडिओवाले सांगत होते की ते सौराष्ट्राकडे चाललंय. पण जाता जाता त्यानं सुरतेला खांदा मारलाच. आधी धूळ, मग पत्र्यांचा थडथडाट, मग आडवा पाऊस. कुणाची तरी चादर विजेच्या तारेवर जाऊन फडफडली, कोपऱ्यावर मोठा आवाज झाला, आणि समोरच्या कारखान्यातले माग एकदम थांबले.

बमरोलीत मागांचा खडखडाट थांबणं म्हणजे नदी वाहायची थांबणं. चाळीतली लहानगी झोपेतून दचकून उठली. गल्लीतून कुणी तरी ओरडत गेलं, "थांभलो पड्यो! लाइट काल सुधी नही!" खांब पडलाय, उद्यापर्यंत लाइट नाही.

शोभाबाईच्या मनात पहिल्यांदा आलं ते मशीन. ती पदर डोक्यावर घेऊन धावत शेजारी गेली, कुलूप उघडलं. पेटीतले बुडबुडे बंद. पण मासे जिवंत होते, चांगले हलत होते. नेहमी तळाशी, मध्ये, कुठंही फिरणारे, ते सगळेच्या सगळे वर आले होते आणि पाण्याबाहेर तोंडं काढून उघडझाप करत होते. त्यातला एक काळा, डोळे बाहेर आलेला, पोट सुटलेला. श्रीरंगनं गिरणीतल्या मुकादमावरून त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. तोही तोंड उघडून शोभाबाईकडे बघत होता.

"अगं माय," ती म्हणाली, "भुका लागल्या!"

आणि तिच्या जिवाला एकदम हायसं वाटलं. भूक हे दुखणं तिला कळत होतं. तिच्या दारातून भिकारीसुद्धा उपाशी गेला नव्हता. घरून भाकरीचा चतकोर आणला, चुरला, टाकला. दोघांनी खाल्लं, दोघांनी थुंकलं, आणि सगळे पुन्हा तोंडं उघडून उभे.

तेवढ्यात पलीकडची सुषमा आली. तिच्यामागून उखाबाबा आले, काठी टेकत. टीव्ही बंद, पंखा बंद, बाहेर पाऊस. चाळीला दुसरी करमणूक कुठली?

"वहिनी, ह्या तर तोंड मिटतसच नहीत," सुषमा म्हणाली.

"भुक्या शेतस बिचारा," उखाबाबांनी निकाल दिला. बाबा दर अमावास्येला तापीच्या घाटावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकायचे. त्यामुळे मासे या विषयात चाळीत त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. "भाकर कसाले टाकस? पीठ मळ. तापीवर बी असंच तोंड वासतस. गोळ्या टाक्यात का खुश."

झालं. सुषमानं परातीत कणीक भिजवली. वाऱ्यानं दार धाडधाड आपटत होतं आणि आत माणसं ओळीनं उभी राहून मोहरीएवढ्या गोळ्या टाकत होती. बसभाडं न देता, पायऱ्या न उतरता, घरबसल्या पुण्य! कुणी सासूच्या नावाची टाकली, कुणी गावाकडच्या म्हशीच्या नावाची. उखाबाबांनी तर आपल्या वाट्याच्या टाकून झाल्यावर सुषमाच्या हातातल्याही घेतल्या. शोभाबाई पेटीशेजारी यजमानीण होऊन उभी होती. लीलाबाई परत आली की सांगायचं, चिमूटभर काय खाऊ घालतेस, आम्ही पोटभर घातलं. ती मनातल्या मनात वाक्य घोळवून बघतही होती.

मग पाणी पांढरं दिसायला लागलं. आधी धूसर, मग ताकासारखं. आणि त्या ताकातून मुकादम हळूच एका कुशीवर कलंडला.

"मुकादम आडवा व्हयना!" सुषमा किंचाळली.

अजून गोळी टाकायला पुढे झालेला उखाबाबांचा हात शोभाबाईनं मनगटाला धरून मागे सारला. "बस! आते कोनी काहीच टाकानं नही!" पण मग करायचं काय? ती खिडकीपाशी गेली, कुणाला तरी हाक मारावी म्हणून. कुणाला, तेही ठरलं नव्हतं.

समोर कारखान्याचं दार दिसत होतं. लाइट गेली की आतले हवा ओढणारे पंखे बंद पडतात, सुताची बारीक धूळ छातीत भरते, आणि कारागीर दारात येऊन उभे राहतात. आजही उभे होते. बाहेर वादळ, तरी आत कुणी बसलं नव्हतं. एकावर एक रेलून, माना बाहेर काढून, तोंडं उघडी. त्यात तिचा लोटूही होता.

शोभाबाईनं दाराकडे बघितलं. मग पेटीकडे बघितलं. मग पुन्हा दाराकडे.

"अरे देवा," ती म्हणाली. "ह्या भुक्या नहीत. ह्या दारमा येल शेतस!"

"कोन?" उखाबाबांनी विचारलं.

उत्तर द्यायला ती तिथं नव्हती. घरी जाऊन प्यायच्या पाण्याचा माठ कडेवर घेऊन ती परतही आली होती. तांब्यानं पेटीतलं पांढरं पाणी काढायचं, बादलीत टाकायचं. माठातलं चांगलं पाणी हात उंच करून वरून सोडायचं. पाणी पडायचं तिथं फेस उठायचा, बुडबुडे व्हायचे, आणि मासे त्या बुडबुड्यांकडे झेप घ्यायचे. "बघ! बघ! हवा पाहिजे त्यांना!" तिनं मुकादमाच्या अगदी नाकावर धार धरली. तो सरळ झाला. धार थांबली की पुन्हा कलंडला. माठ संपला, तिनं पेटीतलंच पाणी उपसून वरून सोडायला सुरुवात केली. पण हाताला काही मोटर नव्हती. खांदा भरून आला तशी तिनं तांब्या सुषमाच्या हातात कोंबला आणि खिडकीतून आवाज दिला. वादळाच्या वरताण.

"अहो! ऐकलं का! सायकलना पंप लई या!"

लोटू दारातून ओरडला, "चाळ उडी चालनी, नि तुले सायकल सुचनी?"

"पंप लई या म्हणतस ना! पळा!"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. कुठल्या आवाजाला प्रश्न विचारायचा आणि कुठल्या आवाजाला पळायचं हे लोटूला कळत होतं. तो पळाला. आणि दारात उभं राहून कंटाळलेले बाकीचे कारागीरही, काय आहे ते कळायच्या आतच, त्याच्यामागून पळाले.

लीलाबाईच्या चिमूटभर खोलीत ओल्या पायांची ही वरात शिरली. शोभाबाईनं दोन वाक्यांत सांगितलं. लोटूनं मशीनची बारीक नळी ओढून काढली, पंपाच्या तोंडाला लावली. ढिली बसली. त्यानं कानामागून सुताचा धागा काढला, मागावर तुटलेली तार जोडायला तो तिथं नेहमी असायचाच. गरगर गुंडाळला, गाठ मारली आणि दांडा दाबला.

पेटीच्या तळाशी भुर्रकन बुडबुडे फुटले.

खोलीत असा गलका झाला की वादळसुद्धा क्षणभर कान देऊन थांबलं असेल. "मार! मार रे! अजून मार!" लोटूनं मारलं. मग कारखान्यातल्या राघोनं मारलं. पण पंपाचं काम असं, की मारलं की बुडबुडे, थांबलं की बंद. आणि उद्यापर्यंत लाइट नाही. राघोचे दंड थरथरायला लागले तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच हिशोब चालू झाला होता, आणि तो जुळत नव्हता.

भिकन तेवढ्यात डोकावला. तो कापडाचे तागे वाहायचा टेंपो चालवायचा, आणि टेंपो गल्लीच्या तोंडाशी अडकल्यामुळे त्याला आज सगळ्या जगात रस होता. थोडा वेळ बघून तो म्हणाला, "भाभी, हवा भरून ठेवली तर? माझी स्टेपनीची ट्यूब आहे."

"मग अजून उभा का आहेस?"

ट्यूब आली. लीलाबाईच्या पलंगावर, पांढऱ्या शुभ्र चादरीवर, ती म्हशीसारखी फुगून बसली. भिकननं तोंडाची पिन काढली, नळी लावली. हवा इतक्या जोरात सुटली की पेटीतलं पाणी उसळून उखाबाबांच्या धोतरावर पडलं आणि मासे चारी कोपऱ्यांत पांगले. "अरे, मासा वाचाडस का उकाळस तू?" बाबा ओरडले. शोभाबाईनं दोरीवरचा कपड्यांचा चिमटा ओढून काढला आणि नळीवर लावला. हवा नरमली. बुडबुडे बारीक, एकासारखे एक, अगदी मशीनसारखे वर येऊ लागले. चिमटा थोडा मागं, थोडा पुढं. कुठं बसवायचा हे तिला दोनदाच करून कळलं.

"आता ही रिकामी झाली की?" सुषमानं विचारलं.

लोटू हसला. हा प्रश्न त्याच्या रोजच्या पोटापाण्याचा होता. मागावर धोट्यातली सुताची कांडी संपत आली की हाताशी भरलेली कांडी तयार पाहिजे. संपली, बदलली, माग थांबता कामा नये. "भरेल कांडी तयार ठेवानी," तो म्हणाला. "भिकन, दुसरी ट्यूब?"

"दुसरी टेंपोच्या चाकात आहे."

"टेंपोले आज कोठे जानं शे?"

भिकननं बाहेर पावसाकडे बघितलं, आत मुकादमाकडे बघितलं, आणि जॅक आणायला गेला.

मग जे सुरू झालं त्याला कारखानाच म्हणायचं. एक ट्यूब पलंगावर चालू, दुसरी जमिनीवर भरणीला. दोघांनी पंप मारायचा, एकानं तोंड धरायचं, एकानं नळीवर बोट दाबून अदलाबदल करायची. दिवसपाळी, रातपाळी अशी नावं पडली. राघो म्हणाला, मी आधीच दोन माणसांचं काम केलंय, मला सुट्टी. लोटू म्हणाला, रजा शेठला विचार. आणि सगळे शोभाबाईकडे बघायला लागले. तिनं रजा नामंजूर केली. उखाबाबांना चिमट्यावर बसवलं होतं. ते दर बदलाला जास्तीच्या कामाचा चहा मागत होते.

चहा शोभाबाईनं केला, पण स्वतःच्या स्टोव्हवर आणि स्वतःच्या साखरेचा. सुषमा लीलाबाईच्या डब्याकडे हात घालत होती, तिला तिनं तिथंच थांबवलं. "साखरेला हात लावू नको. मासे वाचतील नि साखर निघेल बोलण्यात." चहाला पाणी पातेल्यात उरलं होतं तेवढंच, माठ तर पेटीत गेला होता.

"आनी आपण काय पिवानं?" लोटूनं विचारलं.

"भायेर जा नि माशांसारखं तोंड वर करून उभे ऱ्हा."

तो खरंच गेला, तोंड वर करून उभा राहिला, आणि त्याला बघून पंपावरचे दोघं इतके हसले की ट्यूबचं तोंड निसटलं. सगळी हवा फुस्स करून राघोच्या तोंडावर! इकडे पलंगावरची ट्यूबही संपत आलेली. बुडबुडे विरळ झाले, मुकादम पुन्हा वर आला. "हसू नका रे, मुडद्यांनो! भरा!" शोभाबाई स्वतः पदर खोचून पंपाला बसली. कुणी मोजलं नाही, पण तिनं त्या वेळी पंप जो हाणला तो राघोनं पुढे बरेच दिवस गल्लीत करून दाखवला. ट्यूब टणक झाली. नळी बदलली. बुडबुडे आले. आणि एकेक करत सोनेरी मासे वरून निघून मध्यावर, मध्यावरून तळाशी फिरायला लागले. मुकादम मात्र वरच.

त्याच वेळी दारात लीलाबाई उभी राहिली.

ती नखशिखांत भिजलेली होती. वादळ सुटल्यावर बारशाचं जेवण अर्धं टाकून, भाजीच्या ट्रकमध्ये बसून, रस्त्यावरची पडलेली झाडं ओलांडत ती कामरेजहून आली होती. नवरा पोरांना घेऊन मागून येत होता. तिनं आपल्या खोलीकडे बघितलं. चादरीवर काळी ट्यूब, जमिनीवर काळी ट्यूब, फरशीवर चिखल, तिच्या पाटावर उखाबाबा, तिच्या कपड्यांच्या दोरीखाली चार परके पुरुष, आणि मधोमध, केस सुटलेली, घामानं डबडबलेली शोभाबाई.

"हे काय चालू हाय माझ्या घरात?"

पंप थांबला. मग शोभाबाईनंच हळूच म्हटलं, "मारत रहा," आणि पंप पुन्हा सुरू झाला.

लीलाबाई पेटीपाशी जाऊन खाली बसली. बोटानं काचेवर एकेक मासा टिपत गेली. ओठ हलत होते. शेवटी बोट मुकादमावर थांबलं. "सगळे हायत," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं डोळे बारीक केले. "पाणी पांढरं कशानं झालं?"

खोलीत पुष्कळ माणसं होती, आणि गोळ्या सगळ्यांनी टाकल्या होत्या. शोभाबाईला तो विचार आला नाही असं नाही. दोष वाटून टाकला असता तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चिमूटभर आला असता, कुणालाच जड गेला नसता. पण घर तिच्या हवाली केलं होतं, चाळीच्या नाही.

"पीठ," ती म्हणाली. "तोंडं उघडत होते. मला वाटलं उपाशी. मी घातलं."

"गोळ्या मन्या व्हत्यात..." उखाबाबांनी घसा खाकरला.

"बाबा, तुम्ही चिमटा सांभाळा. घर माझ्या हवाली होतं."

लीलाबाई उठून उभी राहिली. राघो दाराकडे सरकला.

"पीठ?" ती म्हणाली. "माशाला पीठ? अगं, काय डोकं हाय का खोकं? चिमूटभर म्हणून सांगून गेले होते ना मी तुला?"

"चिमूटभर सांगितलंस!" शोभाबाईचा आवाजही चढला. "लाइट गेली तर काय, ते सांगितलंस? मशीन कशाला असतं, ते सांगितलंस? खांबाला सांगून गेलीस अर्धं!"

"तू विचारलंस का?"

"तू बोलत होतीस का?"

"मी बोलत नव्हते? मोरीच्या वेळी पहिल्यांदा तोंड कुणी फिरवलं?"

"साबणाचं पाणी कुणाच्या उंबऱ्यावर आलं?"

भिकन मध्ये पडायला पुढे झाला. लोटूनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," तो हळूच म्हणाला. "दोन वरीसनं साचेल शे. निंघू दे."

ते निघत राहिलं. मोरी निघाली, मिठाची बरणी निघाली, पापडाच्या वेळी वळवलेली पाठ निघाली. बाहेर पत्रे वाजत होते, आत या दोघी. तेवढ्यात पलंगावरची ट्यूब मऊ पडली. शोभाबाई बोलता बोलता वाकली, नळीवर बोट दाबलं. लीलाबाईनं बोलता बोलता भरलेली ट्यूब उचलून तिच्यापुढे धरली. कशी धरायची हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि वाटेत मी तुला किती शिव्या दिल्या म्हणून सांगू," लीलाबाई म्हणाली. "म्हटलं, ही मुद्दाम मारणार."

"मारायचे असते तर रस्सा तरी केला असता."

सुषमाला हसू आवरलं नाही. लीलाबाईला हसायचं नव्हतं, म्हणून तिनं पेटीकडे तोंड वळवलं. मुकादम काचेपाशी आला होता. पोट खाली, शेपटी वर, नेहमीसारखा तिरपा आणि नेहमीसारखाच फुगलेला, तो बुडबुड्यांच्या रांगेतून खाली उतरत होता.

"चिमटा सैल कर," लीलाबाई म्हणाली. "जास्त सुटायली हवा."

"सैल केला तर अजून जास्त सुटंल. घट्ट करायचा असतो."

"मग घट्ट कर."

"करतेय ना. तू ट्यूब नीट धर."

लीलाबाईनं ओला पदर कमरेला खोचला आणि ट्यूब नीट धरली.